बाजूला होणारी माणसं

इंग्लंडमध्ये माझ्या लेकीच्या गावाबाहेर एक जुना रेल्वेमार्ग आहे. रूळ कधीच उखडून नेलेत. आता तिथे फक्त सायकली चालतात आणि माणसं कुत्री फिरवतात. मोटार नाही, हॉर्न नाही. लेक-जावई कामावर गेले, की मी लेकीची सायकल काढून त्या वाटेला लागते. दोन्हीकडे कुरणं, मेंढ्या, आणि मध्येच गवतात बुडालेला एक फलाट. तिथे आता कुणी उतरत नाही.

पुण्यात मी उभी नोकरी सायकलवर केली. अंगठा घंटीवरच असायचा, तरी कुणी सरकायचं नाही. वर ऐकून घ्यावं लागे, "अहो बाई, उडून जाऊ का आता?" तेव्हा भारी चिडायचे मी. आता वाटतं, जो अडवतो तो निदान दोन शब्द बोलतो तरी.

आज वळणावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते. मी लांबूनच घंटी वाजवली. ते लगेच कडेला झाले, कुत्र्याचा पट्टा आखडून घेतला आणि म्हणाले, "थँक्यू, घंटी वाजवलीत." इथली ही रीतच आहे. इतकी मोकळी वाट मिळाल्यावर थांबणार तरी कशी? मान हलवून मी पुढे गेले.

थोड्या अंतरावरून वळून पाहिलं. ते पुन्हा वाटेच्या मधोमध आले होते आणि कुत्र्याशी काहीतरी बोलत होते.

मला कुठे वाट हवी होती? सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते, म्हणून तर घंटी वाजवली.