गाळाच्या तळ्याचं जलपूजन

परवा भिगवणजवळ ओल्या खडीचा वास आला आणि मला नामदेवतात्यांची विहीर आठवली.

तेव्हा मी अंथुर्ण्याकडच्या एका दगडखाणीवर सुपरवायझर होतो. खाणीसाठी आम्ही ओढा वळवला होता. खाणीचं गढूळ पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून गाळ बसायला तळं खोदलं होतं. ते गाळानंच काठोकाठ भरलं होतं. वर जेमतेम वीतभर पाणी. खाण बघायला आलेल्या पाहुण्या साहेबांना मात्र त्यात जलसंधारण दिसलं. भाषण करून त्यांनी जलपूजन केलं. ओटीचा नारळ भिरकावला, तो चिखलात रुतून बसला. टाळ्या पडल्या.

ओढ्याकाठी खाली तात्यांचं शेत. ते कानाशी म्हणाले, "अवो, नारळ बी तरंगंना तुमच्या पाण्यात! आदी गाळ उपसा. खाली माझी हीर हाय."

"आज पूजा झालीय तात्या, उद्या मशीन लावतो."

संध्याकाळीच पाऊस कोसळला, तळं ओसंडून गाळ ओढ्यात उतरला. सकाळी तात्यांच्या विहिरीत राखाडी चिखल होता.

"एवढा पाऊस येईल असं वाटलं नव्हतं," मी म्हणालो.

तात्या विहिरीतच बघत राहिले. "व्हय. पावसाचीच चूक."

तो टोमणा होता. मी तो अहवालात कारण म्हणून लिहिला.