खालच्या खणातलं मेमरी कार्ड

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माल आला की त्यातले पाच-दहा नग उचलायचे, व्हर्नियर लावायचा, आणि माप चुकलं की अख्ख्या लॉटला लाल टॅग. पुरवठादार मला मनातल्या मनात शिव्या घालतात, घालोत बापडे. सख्ख्या बापाने आणून दिलेला नगही मोजल्याशिवाय घेणार नाही, अशी फुशारकी मी कॅन्टीनमध्ये कितीदा मारली असेल. आणि एक मेमरी कार्ड मात्र मी न तपासता खिशात घातलं.

वडील पिंपरीतल्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर होते. तेहतीस वर्षं एकच मशीन. आईने ते कधीच पाहिलं नव्हतं. काही कंपन्यांत खंडेनवमीला बायकापोरांना आत घेतात, यांच्याकडे तशी पद्धत कधी पडलीच नाही. तिने तेहतीस वर्षं फक्त तेलाचे डाग पाहिले आणि ते ब्रशने घासले. वडिलांची निवृत्ती जवळ आली तसं ती म्हणायला लागली, एकदा बघायचंय मला, कसलं यंत्र हाय ते.

त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे प्रेसच्या विभागात, एक रीत आहे. शेवटच्या दिवशी माणसाने आपल्या मशीनला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि स्वतःच्या हाताने एक शेवटचा पार्ट काढायचा. त्यातून तो सगळा विभागच बंद होणार होता, मशीन आठवड्याभरात भंगारात जाणार होतं. वडिलांनी साहेबांच्या हातापाया पडून मला कॅमेऱ्यासकट तासाभराची परवानगी मिळवली. एरवी तिथे गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावरसुद्धा स्टिकर लावतात. आईला आत सोडणार नाहीत, पण तिला टीव्हीवर दाखवू, असं ठरलं.

कॅमेरा माझा होता, सुट्टीच्या दिवशी मी लग्नं-बारशी शूट करतो. फोर-केमध्ये घ्यायचं तर कार्ड चांगलं हवं. पाकिटावर ठळक छापलेला वेग जाहिरातीचा असतो. बघायचा तो व्ही अक्षराच्या पुढचा बारीक आकडा, कार्ड सलग कमीत कमी किती वेगाने लिहील ते सांगणारा. एवढा अभ्यास करून मी चिंचवडला मित्राच्या दुकानात गेलो. मित्र म्हणजे आमच्या गावठाणातलाच, भिंतीला भिंत लागून घर. लहानपणी तो जेवायला स्वतःच्या घरी कमी आणि आमच्याकडे जास्त असायचा.

काचेच्या कपाटात सीलबंद कार्डं टांगलेली होती. मी त्यातलं एक मागितलं तर त्याने हात धरला. ते राहू दे, म्हणाला, तुझ्यासाठी खास काढून ठेवलंय. मग खाली वाकून खालच्या खणातून एक सुटं कार्ड काढलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? बारीक आकडा बरोबर होता. घरी कॅमेऱ्यात घातलं तर जागाही एकशे अठ्ठावीस जीबी दिसली. नवीन कार्ड एकदा काठोकाठ भरून, सगळं पुन्हा चालवून बघायचं असतं, हे मला माहीत होतं. पण आपल्या माणसाने दिलेली वस्तू काय तपासायची, असं वाटलं.

त्या दिवशी सगळं सुरेख झालं. वडिलांनी हार घातला, नारळ फोडला. शेवटचा पार्ट काढला आणि तो हातात धरून ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "बघ गं, हे माझं काम." तेहतीस वर्षांत ते आईशी असं कधी बोलले नसतील. माझे डोळे भरून आले होते, तरी मी फ्रेम हलू दिली नाही.

संध्याकाळी आई चष्मा पुसून टीव्हीसमोर बसली. गेट दिसलं, कॅन्टीन दिसलं, साहेबांचं भाषण अथपासून इतिपर्यंत दिसलं. त्यानंतरची एकही फाइल उघडेना. वाकडला एक ओळखीचा संगणकवाला आहे, त्याने पाच-सहा दिवस खटपट करून सांगितलं की कार्ड बनावट आहे. छापलंय एकशे अठ्ठावीस, कॅमेऱ्यालाही तेवढंच सांगतं, आत जागा सोळाची. सोळा भरल्यावर पुढचं कुठे लिहिलंच गेलं नाही, त्यामुळे परत मिळवायलाही काही नाही.

मी तसाच चिंचवडला गेलो. वाटलं होतं, तोही फसला असेल, घाऊकवाल्याला दोघं मिळून धरू. त्याने कार्ड हातात घेतलं आणि नीट बघितलंसुद्धा नाही. तो लॉट खराब निघाला होता, म्हणाला, दोन गिऱ्हाइकांनी त्यातली कार्डं आधीच परत आणून दिली होती.

"मग मला का दिलंस?"

"गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून बोंबलतं, भावा. आपली माणसं समजून घेतात."

हे तो अगदी सरळपणे बोलला आणि कपाटातलं एक सीलबंद कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, केसाने गळा कापलास माझा, एवढंच बोललो आणि कार्ड तिथेच टाकून निघालो. तोवर मशीनचे तुकडे होऊन ट्रकमध्ये चढले होते.

वडील जाऊ दे म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईला मी काहीच लपवलं नाही. त्याला माहीत होतं, माहीत असून दिलं, हे दोनदा सांगितलं. तिने त्याला शिव्या घालाव्यात, निदान त्याचं नाव टाकावं, अशी माझी फार इच्छा होती. तिने टीव्हीच्या काळ्या काचेवरून पदर फिरवला.

"त्याला काय बोलू नगंस," ती म्हणाली. "आपलाच हाय तो."

तो हेच धरून चालला होता.