क्रांकेनहाउसफेरवाल्टुंगचं गाऱ्हाणं

किस्से म्हणजे भाडं न देता राहणारे भाडेकरू. डिचोलीला माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्या नर्स मुली कधीच्या गेल्या, किस्से हलायला तयार नाहीत!

मी चौथी पास. जर्मन शिकले ती खाणीवरच्या यंत्रांच्या जाड पुस्तकांतून आणि रेडिओला कान लावून. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं.

*

लाटंबार्स्याची कमल लांब शब्दाचं शेपूट गिळायची. म्हटलं, "बाये, अख्खा फणस तोंडात कोंबतेस कशाला? एकेक गरा काढ!"

रक्तदाब मोजायच्या यंत्राचा शब्द तिने बसमध्येच सोलायला घेतला. "ब्लूट... द्रुक... मेस..."

कंडक्टर घाबरला, त्याला वाटलं पोरीला उलटी होतेय. "गो बाय, हांगा नाका! खिडकीकडे बस!"

त्यानंतर कमलचा अभ्यास रोज बसमध्येच. सीट पक्की!

*

राजभाषेच्या वादाचे दिवस. दगड कुठून येईल याचा नेम नव्हता. शेजारचे दत्तारामभाऊ कुंपणावरून हळूच म्हणाले, "आक्का, ही तुमची भास कोणाच्या बाजूची?"

"एका दमात म्हणेल त्याच्या!"

मराठीवाले येऊन म्हणून बघून गेले, कोंकणीवालेही. त्या संध्याकाळी वाड्यावर दोन्ही पक्षांना धाप!

*

इब्रामपूरच्या शैलाची पणजीला तोंडी परीक्षा होती. पास झाली तर जर्मनीच्या इस्पितळात नोकरी. नापास झाली तर दोडामार्गच्या, तिला मुळीच न आवडलेल्या स्थळाला होकार. घरी ठरलंच होतं.

एकच शब्द तिला अडायचा, इस्पितळाच्या कारभाराचा. ‘क्रांकेनहाउस’पर्यंत धावायची, मग गाडी बंद! ‘फेरवाल्टुंग’ फुटायचंच नाही. परीक्षेत नेमका तोच येणार, अशी तिची खात्री. "श्वास ‘हाउस’वर घे!" म्हणून मी दरडावायची.

परीक्षेच्या सकाळी मी तिला न्यायला गेले, तर आई अडून बसलेली. "देवाचो कौल घेतल्याशिवाय पोर हलाची नाय!"

देवळात गुरवकाकांनी देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या, पाकळी गळून पडली की तोच देवाचा कौल. गाऱ्हाणं सुरू केलं आणि थांबले. "काय अडता ता स्पष्ट सांगल्याशिवाय देव कौल देतलो कसो?"

शैला पुढे झाली. "म्हणा काका, क्रां-केन."

"क्रां-केन!"

"व्हय म्हाराजा!" मागून लोक.

"हाउस."

"हाउस!"

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे मिटले.

"फेर-वाल-टुंग."

काकांची जीभ अडखळली. "परत सांग गो."

"क्रांकेनहाउसफेरवाल्टुंग! काका, कितें कठीण आसा त्यात?"

बोलली आणि स्वतःच दचकली. मग पिशवी उचलून बसकडे धावत सुटली.

आई ओरडली, "अगो, देवान अजून पाकळी सोडूक नाय!"

"त्याका सांग, मी येयसर थांब म्हणान!"