सगळ्यांना पाजणारी डुकरीण

आमची ती डुकरीण कधीच आजारी पडली नाही, आणि तेच आमच्या मुळावर आलं.

दिंडोरी रस्त्याला आमचं गाव. चहूकडे द्राक्षबागा आणि मध्येच आमची डुकरांची शेड. अंबडच्या कंपनीतलं काम सुटल्यावर नवऱ्याने हा उद्योग काढला तेव्हा मी चांगलीच भडकले होते. म्हटलं, आधीच लोक आपल्याला काय कमी बोलतात, त्यात आता डुकरं! माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बोलणारे काय आपल्या ताटात वाढायला येतात का? बोलू दे."

पहिल्या दिवसापासून आईंनी त्या पांढऱ्या डुकरिणीला लळा लावला. "ये गं बाय, ये, खाऊन घे," अशी हाक मारली की शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून ती कान हलवत यायची. दुसऱ्या कुणी बोलावलं तर ढिम्म. मला जेवायला बोलवायचीही आईंची हीच हाक, याच सुरात. नवरा खिदळायचा, "दोघींना एकच हाक, बघू आधी कोण पोचतंय!" मी त्याच्यावर डाफरायचे. पण खोटं कशाला बोलू, माहेर सुटल्यापासून मला इतक्या मायेनं दुसरं कुणी बोलावलेलं नव्हतं.

बाकीच्या डुकरिणी परक्या पिल्लाला हुंगून झिडकारतात, चावतातसुद्धा. ही मात्र कुणाचंही पोर पोटाशी घ्यायची. म्हणून कुठल्याही वेतातलं मरतुकडं पिल्लू आई पदरात गुंडाळून हिच्याकडे आणायच्या, तोंडात बोट घालून त्याला प्यायला लावायच्या, आणि चार दिवसांत ते बाळसं धरलं की परत त्याच्या आईकडे सोडायच्या. "हिच्याकडं आलं की जगतंच," असं त्या अभिमानानं सांगायच्या.

मागच्या हिवाळ्यात पिल्लं मरायला लागली. आदल्या दिवशी हुंदडणारं पिल्लू सकाळी आडवं पडलेलं, पाय झाडत, मान मागे ताठलेली. काहींचे सांधे टरारून सुजले. आम्ही पाण्याची टाकी घासली, हॉटेलचं खरकटं बंद केलं. शेजारच्या बागेतल्या फवारणीवरून नवरा बांधावर जाऊन भांडून आला. मरण काही थांबेना. देवा, ती पिल्लं पुरताना आईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाण्याचे, जमिनीचे, आमच्या गमबुटांचे आणि प्रत्येक डुकरिणीच्या घशातले नमुने कापसाच्या काड्यांवर घेतले. तपासणी झाल्यावर अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी आम्हाला समजावलं. प्रत्येक जनावराच्या घशात नाना तऱ्हेचे जिवाणू नांदत असतात, बहुतेक निरुपद्रवी. पण पिल्लांना मारणारी जात या पांढरीच्या घशात होती. तिला काही होत नव्हतं, पण तोंडाला तोंड लागलं की पिल्लांना तिची लागण होत होती.

"पण ती तर ठणठणीत हाय," आई म्हणाल्या.

"म्हणूनच तर कळलं नाही, आजी."

आई बोटांवर पिल्लं मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच नेली की सगळी तिच्याकडं. आन् मीच परत वाटली." मला रडू फुटलं, आईंना नाही.

दोन डुकरिणी व्यायला टेकल्या होत्या. पांढरी राहिली तर त्यांचीही पिल्लं जाणार होती. घरामागं वेगळी बांधू का, असं आईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, हात तेच, बूट तेच, कशाला जोखीम घेता? दुसऱ्या शेडवर विकणं म्हणजे त्यांच्या पिल्लांचा घात. राहिला तो कत्तलखाना.

सकाळी टेम्पो आला. पांढरी फळीवर पाय ठेवीना. नवऱ्याने ढकललं, खुराकाचा डबा वाजवला. ती तिथेच बसली आणि किंचाळायला लागली. टेम्पोवाल्याने काठी उचलली तशा आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मारायचं नाय," त्या म्हणाल्या.

टेम्पोच्या पुढच्या बाजूला जाऊन त्यांनी फळ्यांच्या फटीतून हाक मारली, "ये गं बाय, ये, खाऊन घे." त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पांढरी उठली आणि कान हलवत वर चढली.

त्या दोन डुकरिणी व्याल्या. पिल्लं जगली, आता चांगली धष्टपुष्ट झालीत. एखादं अशक्त निघालं तरी आई त्याला जागचं हलवत नाहीत. खुराकाच्या वेळी डबा वाजवतात, तोंडानं कुणाला बोलवत नाहीत.

मलासुद्धा आता नुसतं ताट वाढून ठेवतात.