वकीलभाऊ आणि जगाचे नियम

मुलांनो, जगातल्या देशांनी एकत्र बसून आरोपींच्या हक्कांचे जे नियम केले, ते आमच्या शेजारच्या वकीलभाऊंइतके मनावर घेणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर दुसरा नसेल. देश सह्या करून मोकळे झाले. वकीलभाऊंनी ते नियम चंद्रपुरात, स्वतःच्या घरातसुद्धा लागू केले. मांजरीनं दूध सांडलं तरी हात उगारण्याआधी तिला आरोप सांगायचा. नातवाला कोपऱ्यात उभं करायचं, तर कशासाठी ते त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगितलं पाहिजे. वहिनी म्हणायच्या, "यायच्या घरी भाजी करपली तरी दोन्ही बाजू ऐका लागते."

पण एटापल्लीकडच्या एका माडिया आदिवासी बाईचा खटला त्यांच्याकडे आला, तेव्हा कोणी हसलं नाही. झाडतोडीच्या भांडणात तिनं ठेकेदाराच्या माणसावर कोयता चालवला, असा आरोप होता. तिला माडियाशिवाय भाषा येत नव्हती, त्यामुळे खुद्द वकीलभाऊंनाही तिच्याशी बोलता येईना. बऱ्याच शोधानंतर कोर्टाला तिच्याच गावचा एक दुभाषी मिळाला. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी होती. दुभाषी जमिनीकडे बघत म्हणाला, "हो साहेब, कबूल आहे."

वकीलभाऊ उठले. "साहेब, यानं तिले विचारलंच नाई."

मग कळलं, तो तिचा जेठ. त्यांच्यात जेठानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं. म्हणून पोलीस जे म्हणत होते तेच त्यानं सांगून टाकलं होतं. बाहेर आल्यावर वकीलभाऊंनी त्याला गाठलं. "काऊन गा, बोलाचंच नव्हतं तर आला कशाले?"

"साहेबानं बोलावलं," तो म्हणाला. "नाई कसा म्हणू?"

वकीलभाऊंनी हट्ट धरला, दुसरा दुभाषी द्या. तो मिळेपर्यंत तारखा पुढे जात राहिल्या आणि जामीन द्यायला कोणी नसल्यानं बाई तुरुंगातच राहिली. शेवटी एक दुभाषी बाई मिळाली आणि आरोपी बाई तिच्याशी दुपारभर बोलली. कोयता तिच्या हातात होता, पण वार दुसऱ्यानं केला होता. पुढे साक्षीदारांनीही तेच सांगितलं आणि ती सुटली. कोर्टाबाहेर लोक वकीलभाऊंचे हात हातात घेत होते. तिनं मात्र दुभाषी बाईमार्फत एवढंच विचारलं, मोहफुलं पडून गेली का?

गेली होती. ती वेचून विकायची, हाच वर्षाचा आधार होता तिच्या घरचा.

वकीलभाऊ हल्ली संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. परवा मला म्हणाले, "मी केलं ते बरोबरच केलं, बाई. पण तिचे ते महिने परत द्याचं कलम शोधून राह्यलो. सापडून नाई राह्यलं."