पेटी गप्प असली तर

ऋजुता लहान असताना नौपाड्यातल्या एका दवाखान्यात, पडद्याआड बसून, तिनं सरोजआत्याचं भांडण ऐकलं होतं. आत्या तिथं नर्स. पेशंट झोपलाय म्हणून दुसऱ्या नर्सनं त्याचा ताप बघितलाच नव्हता. कालचाच आकडा आज लिहून मोकळी झाली होती. "अगं, झोपला होता असं लिही ना. कालचा ताप आजच्या माणसाला कशाला चिकटवतेस?" आत्याचा आवाज पार बाहेरच्या बाकड्यांपर्यंत गेलेला.

ऋजुता पुढे कॉम्प्युटर शिकली आणि शीळफाट्याजवळच्या नव्या टॉवरांमध्ये पोहायच्या तलावाचं काम बघू लागली. तिथं पंपाच्या खोलीत भिंतीला एक पेटी आहे. पंप चालवायचा, पाण्यात क्लोरीन सोडायचं, सगळं तीच करते. पण स्वभाव नव्या जावयासारखा. विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि विचारलं तरी बोलेलच असं नाही. म्हणून ऋजुतानं कोड लिहिला. कॉम्प्युटर घडोघडी पेटीची विचारपूस करी, पंप चालू का, क्लोरीन किती, आणि उत्तर तलावाजवळच्या पडद्यावर दिसे. पेटीनं तोंड उघडलं नाही, तर तांबड्या अक्षरांत 'उत्तर नाही'.

हे तांबडं बिल्डरच्या मॅनेजरच्या, सुदेशच्या, डोळ्यांत खुपलं. रविवारी फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येतात, नेमकं तेच वाचतात. त्यानं फर्मावलं, पेटी गप्प असेल तेव्हा आधीचं चांगलं उत्तर तसंच राहू द्या.

ऋजुता म्हणाली, आत पोरं उतरतात. क्लोरीन संपलं, पंप बंद पडला, तर कळणार कसं?

"मॅडम, पाणी काय तासाभरात नासतं का?"

"परवा अख्खी दुपार गप्प होती ती. अंतराला उतरवाल त्या पाण्यात?"

अंतरा त्याचीच मुलगी, तिथंच पोहायला शिकणारी. सुदेशनं मोबाइलवरची नजर न उचलताच सांगितलं, उद्यापासून दुसरा कॉम्प्युटरवाला, स्वानंद, बघेल, तुम्ही येऊ नका.

काय म्हणावं या लोकांना? लॉबीला संगमरवर लावायला पैसा आहे, आणि 'माहीत नाही' म्हणायला जीभ जड होते. पेटी बिचारी निदान गप्प तरी बसत होती. तिच्या नावानं खोटं बोलायची हौस माणसांनाच.

त्या संध्याकाळी पडदा पुन्हा तांबडा झाला. ऋजुता खाली गेली, पोरांना पाण्यातून बाहेर काढलं. अंतरा कुरकुरली, तिला टॉवेल दिला. पायऱ्यांवर आडवा दोर बांधला, तलावाच्या फाटकाची किल्ली वॉचमन दौलतमामांच्या हातात ठेवली.

"पेटी बोलल्याशिवाय कुणाला आत सोडू नका हं, मामा," म्हणाली, आणि कल्याणची बस गाठायला निघाली.