ओली जाळी

भोकरदनच्या अलीकडं, आमच्या गावाला लागूनच धरण आहे. त्या पाण्यात मी आणि मामा जाळी टाकायचो. मामा म्हणजे गावच्या नात्यानं मामा. जाळं विणायला आणि थर्माकोलच्या तराफ्यावर तोल सांभाळायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडं फोन नव्हता. म्हणून गेट उघडायचे असले की धरणावरचा चौकीदार मला फोन करायचा आणि मी जाऊन मामांना सांगायचो.

पाणी चढत असतं तेव्हा मासा काठच्या बुडालेल्या शेतांकडं सरकतो, चांगला सापडतो. पण गेट वर गेले की सगळं पाणी सांडव्याकडं ओढ घेतं. जाळं फाटतं, नाहीतर वाहून जातं, आणि वर्षभर वाढलेला रोहू, कटला खालच्या नदीत निघून जातो.

एका पावसाळी सकाळी चौकीदाराचा फोन आला, वरून पाणी फार येतंय, तासाभरात गेट उघडतील. मी काठावरच होतो. मामांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी आपली जाळी काढू आणि मग जाऊ, असा मी विचार केला. एक जाळं बुडालेल्या बाभळीत अडकलं. ते तसंच सोडून निघायला हवं होतं. मी सोडवत बसलो. शेवटचं जाळं काठावर टाकलं आणि गेट उघडल्याचा भोंगा वाजला.

भोंगा ऐकून मामा धावत आले. मी ओरडत होतो, तरी तराफा घेऊन ते पाण्यात शिरले, कारण त्यांची जाळी सांडव्याच्या बाजूला होती. थोडं पुढं जाताच ओढीनं तराफा फिरला. तराफा सोडून त्यांनी एका बुडालेल्या झाडाचा शेंडा धरला. मी कमरेला दोर बांधून गेलो आणि भोंगा ऐकून काठावर आलेल्या दोघांनी आम्हाला ओढून घेतलं. मामांची सगळी जाळी गेली.

धाप जरा कमी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला निरोप आल्ता का रे?"

"न्हाई मामा. फोनच आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन चौकीदाराकडं गेले. फोन का केला नाही म्हणून त्याला चांगलंच बोलले. चौकीदारानं माझ्याकडं पाहिलं. मी मान वर केली नाही. मग तो हळूच म्हणाला, राहून गेलं खरं. माझं खोटं त्या माणसानं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं.

दिवाळीनंतर मला राहवेना. मामा ओट्यावर नवं जाळं विणत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मला माहीत हाय. तुझी जाळी ओली होती काठावर."

"मंग त्या दिवशी बोलला का न्हाईत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. चौकीदाराकडं बी त्याच्यासाठीच नेलं तुला."

तिथून मी चौकीदाराकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि आत गेला. बस म्हणाला नाही.

आम्ही दोघं अजून त्याच पाण्यात जाळी टाकतो. मामा माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात. फक्त त्यांनी फोन घेतलाय, आणि गेटचा निरोप आता त्यांच्याकडं येतो. मला ते सांगतात.